लिस्बनची ट्राम आणि आपलीं दफ्तरें

परदेशांतील जुनीं शहरें पाहण्याचा एक सुलभ मार्ग अलीकडे रूढ झाला आहे. ज्या ट्रामगाड्या मागच्या पिढ्यांना नित्याच्या होत्या त्यांना तेलपाणी करून व रंग देऊन पुन्हा रुळांवर सोडावयाचें. प्रवाशानें एकदां तिकीट काढलें कीं दिवसभर पाहिजे तेथें उतरावें व पाहिजे तेथें पुन्हा चढावें. युरोपांतील आणि युरोपाबाहेरच्याही कित्येक शहरांत ही सोय आहे. तिनें प्रवाशाचे पाय वांचतात हें खरें. पण शहर समजतेंच असें नाहीं. चढणें सोपें आहे; उतरावयाचें कोठें हें मात्र अगोदर ठाऊक असावें लागतें.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही अशा ट्रामप्रवासासाठीं जगभर प्रसिद्ध आहे. तेथील २८ क्रमांकाच्या पिवळ्या गाडीचें चित्र नाहीं असें प्रवासाचें पुस्तक विरळा. मराठी वाचकाला त्या शहरांत इतर प्रवाशांहून कांहींसें निराळें काम आहे. वसई, साष्टी, चौल, गोवें या आपल्या मुलखाचा शेंकडों वर्षांचा फिरंगी कारभार ज्या कागदांवर झाला, ते कागद याच शहरांत येत. त्यांतले कांहीं येथें जळाले, कांहीं वांचले, कांहीं एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हलविले गेले. आणि ते जेथें होते व आहेत त्यांपैकीं बहुतेक जागा ट्रामच्या वाटेवर किंवा वाटेपासून थोड्या पावलांवर आहेत. त्या जागा दाखवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गाडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लिस्बनला घोड्यांची ट्राम १७ नोव्हेंबर १८७३ रोजीं सुरू झाली; मुंबईला ९ मे १८७४ रोजीं. म्हणजे या दोन बंदरांनीं सहा महिन्यांच्या अंतरानें एकच वाहन पत्करलें. गंमत अशी कीं, लिस्बनच्या ट्राम कंपनीची स्थापना लिस्बनमध्यें झालीच नाहीं. ती झाली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें, १८७२ सालीं. ब्राझील स्वतंत्र होऊन तेव्हां पन्नास वर्षें लोटलीं होतीं. विजेची गाडी लिस्बनला १९०१ त आली, मुंबईला १९०७ त. पुढें मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. मुंबईनें ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम पाठविली आणि तो अध्याय संपविला. लिस्बननेंही बसगाड्या वाढल्यावर आणि १९५९ सालीं भुयारी रेल्वे आल्यावर बहुतेक मार्ग बंद केले. सहा मात्र आज चालू आहेत. हें जुन्याविषयींच्या प्रेमामुळें झालें असें कोणी समजूं नये. शहर टेकड्यांवर वसलेलें. आल्फामासारख्या भागांत गल्ल्या इतक्या अरुंद व वळणें इतकीं आंखूड कीं मोठी बस तेथें शिरूंच शकत नाहीं. चढ तर कोठें कोठें शेंकडा १३ हून अधिक आहे. तेथें ९०० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धांवणारी आंखूड गाडीच उपयोगी पडते. निरुपायानें राहिलेली वस्तु पुढें शोभेची ठरली, इतकेंच.

गाड्यांची घडण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतली आहे, पण १९९५-९६ च्या सुमारास त्यांना नवीं विद्युत्-यंत्रें व नवे ब्रेक बसविले गेले. म्हणजे अंगरखा आजोबांचा आणि आंतला माणूस नातू, असा प्रकार आहे. याच घडणीच्या लाल गाड्या केवळ परकीय प्रवाशांसाठीं वेगळ्या धांवतात, आणि चढण्या-उतरण्याचें मोकळें तिकीट मुख्यतः त्यांचें. आमचें मत विचाराल तर लाल गाडीपेक्षां पिवळीच बरी. तीही दिवसाच्या तिकिटावर कोठेंही सोडतां-धरतां येते, आणि तींत शहराचे लोक तरी भेटतात. पूर्वीं अधिक भेटत. आतां भर दिवसां ग्रासाच्या टेकडीवरची एखादी म्हातारी भाजीची पिशवी घेऊन थांब्यावर उभी असते आणि परक्यांनीं भरलेल्या दोन-तीन गाड्या तिच्या समोरून निघून जातात. शिवाय हीं जुनीं वाहनें खेळणीं नव्हेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं याच शहरांतील ग्लोरियाच्या चढावरची दोरावर चालणारी गाडी दोर निसटून कोसळली आणि १६ माणसें प्राणांस मुकलीं.

आतां प्रवासाला निघूं. आरंभ तागूस नदीच्या कांठच्या विस्तीर्ण चौकापासून करावा. त्याचें सरकारी नांव व्यापारचौक. लोक अजून त्याला तेरैरु दु पासु, म्हणजे वाड्यापुढचें पटांगण, असेंच म्हणतात. वाडा मात्र तेथें नाहीं. राजाचा तो वाडा चौकाच्या पश्चिम अंगास होता, आणि त्याला लागूनच ‘काझा दा इंदिया’ ही कोठी होती. हिंदुस्थानास जाणाऱ्या जहाजांची सिद्धता, तेथून येणाऱ्या मिऱ्यांची सांठवण व विक्री, नेमणुका, हिशेब, नकाशे, सारें या कोठींत. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्वसंतांच्या सणाच्या दिवशीं, सकाळीं साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. लोक जीव घेऊन या मोकळ्या जागेकडे धांवले, तों नदीचें पाणी चढून आलें. आणि पाणी ओसरतें न ओसरतें तों गांवांत आग पेटली ती पांच-सहा दिवस विझली नाहीं. वाडा गेला, राजाचा ग्रंथसंग्रह गेला, आणि हिंदुस्थानच्या कोठीचें दफ्तरही बहुतेक सर्व गेलें. पोर्तुगीजांच्या मिऱ्यांच्या व्यापाराचा हिशेब आज इतिहासकारांना इतर साधनांवरून तुकड्यातुकड्यांनीं जुळवावा लागतो, त्याचें कारण हें. चौकाच्या मध्यभागीं दों जुझे राजाचा अश्वारूढ पुतळा १७७५ सालीं उभारला गेला. त्याच्या बैठकीच्या एका अंगास हत्ती कोरलेला आहे. हिंदुस्थानची एवढीच खूण त्या चौकांत आम्हांस दिसली.

चौकाच्या उत्तरेस थोडें चाललें कीं २८ क्रमांकाच्या गाडीचा रस्ता लागतो. तेथून पूर्वेकडची गाडी धरावी. ती शहराच्या जुन्या मुख्य देवळासमोरून जाते. ११४७ त मुसलमानांकडून शहर घेतल्यानंतर तें देऊळ उभारूं लागले. पुढें गाडी आल्फामांत शिरते. येथें घरांच्या भिंती खिडकीला इतक्या लागतात कीं गाडी आली म्हणजे पायीं चालणाराला कोणाच्या तरी दारांत अंग चोरून उभें राहावें लागतें. पोर्तश दु सोल या थांब्यावर उतरून किल्ल्यावर चढावें.

या किल्ल्याच्या एका बुरुजांत १३७८ पासून राज्याचें दफ्तर असे. ‘तोर्रे दु तोंबु’ म्हणजे दफ्तराचा बुरूज. भूकंपांत तो बुरूज ढासळला. परंतु आग तेथपर्यंत पोंचली नाहीं, आणि कागद ढिगाऱ्याखालीं राहिले. दफ्तराचा मुख्य रक्षक मानुएल द माया हा तेव्हां ७८ वर्षांचा होता. त्यानें ते कागद उकरून काढविले आणि किल्ल्यांतील मोकळ्या पटांगणांत लांकडी खोपटें उभारून त्यांत ठेवविले. हाच गृहस्थ राज्याचा मुख्य इंजिनिअरही होता. आणि ४ डिसेंबर १७५५ रोजीं, म्हणजे भूकंपाला पुरते पांच आठवडेही झाले नव्हते तोंच, शहर पुन्हा कसें बांधावें याविषयींच्या आपल्या निवेदनाचा पहिला भाग त्यानें दरबारास सादर केला. लिस्बनचें पुनरुज्जीवन म्हटलें कीं सर्व श्रेय दिवाण पोंबाल याला देण्याची चाल पडली आहे. पोंबालची हिंमत व जरब नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि एका हातानें शहराचा नकाशा आणि दुसऱ्या हातानें राज्याची स्मृति सांभाळणारा हा वृद्ध आम्हांला अधिक मोठा वाटतो. त्याचा पुतळा पाहण्यासाठीं कोणी ट्राम थांबवीत नाहीं.

येथें वाचक विचारील, हिंदुस्थानच्या कोठीचे कागद जळाले, मग आपला इतिहास राहिला कोठें? याचें उत्तर पोर्तुगीजांच्या एका कारकुनी पद्धतींत आहे. समुद्राचा भरंवसा नसल्यामुळें महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून धाडीत आणि प्रत्येकीवर पहिली वाट, दुसरी वाट असें लिहीत. शिवाय राजाकडून आलेलीं पत्रें आणि त्यांच्या उत्तरांच्या नकला गोव्यांत वर्षावर्षाच्या बाडांत बांधून ठेवीत. जहाजें मोसमी वाऱ्याबरोबर येत-जात, म्हणून त्या बाडांना मोसमाचीं पुस्तकें असें नांव पडलें. गोव्याचें दफ्तर १५९५ सालीं दियोगु दु कोतु या इतिहासकारानें लावावयास घेतलें होतें. त्यामुळें लिस्बनला जळालेल्यापैकीं पुष्कळसें गोव्यांत शिल्लक राहिलें. चिमाजी अप्पांनीं मे १७३९ त वसई घेतली, उत्तर फिरंगाण बुडालें. त्या काळची शत्रुपक्षाची बाजू आज आपण वाचूं शकतों ती या दुहेरी लेखनाच्या कृपेनें. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पणजीच्या दफ्तरांत बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा जो इतिहास उकलला त्याचा पायाही हीच बाडें. पुढें मोसमाच्या पुस्तकांपैकीं साठांवर खंड भूकंपानंतर गोव्याहून लिस्बनला नेले गेले आणि ते तोर्रे दु तोंबुच्या संग्रहांत आहेत. एकदां आगींतून वांचलेली नक्कल पुन्हा मूळ गांवाला जाते, याला काय म्हणावें!

किल्ल्यावरून उतरून पश्चिमेची गाडी धरली कीं ती बायशाच्या सपाट भागांतून जाते. येथें रस्ते आंखणीनें काढल्यासारखे सरळ आहेत. माया व त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरांनीं आंखलेलें हें शहर. घरांच्या भिंतींच्या आंत लांकडाचे उभे, आडवे व तिरपे वासे जोडून पिंजरा केलेला असतो. भूकंपांत दगड पडला तरी पिंजरा उभा राहावा अशी योजना. मग गाडी शियादुच्या चढावर लागते आणि पलीकडे उतरतां उतरतां साव बेंतुच्या पांढऱ्या भव्य इमारतीसमोर येते. प्रवाशांना येथें पार्लमेंट आहे एवढें सांगितलें जातें. तें खरेंच आहे. परंतु ही इमारत मुळांत बेनेडिक्टिन साधूंचा मठ. किल्ल्यावरच्या खोपटांतून निघालेलें दफ्तर १७५७ सालीं येथें आलें आणि १९९० पर्यंत, पार्लमेंटच्या मांडीला मांडी लावून, येथेंच राहिलें. आतां तें विद्यापीठाजवळच्या नव्या इमारतींत आहे. तेथें बुरूज नाहीं, तरी नांव बुरुजाचेंच.

साव बेंतुच्या वरच्या टेकडीवरून २४ क्रमांकाची गाडी जाते. तिच्या वाटेवर सरकारी छापखाना आहे. १७६८ त पोंबालनें काढलेला. याच संस्थेंतून १८०५ सालीं पोर्तुगीज भाषेंतील एक मराठी व्याकरण दुसऱ्यांदा छापून निघालें. पहिली आवृत्ति रोमची, १७७८ ची. निजामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी मराठी, असें त्याच्या मुखपृष्ठावर म्हटलें आहे. निजामशाही १६३६ त बुडाली होती आणि आदिलशाही १६८६ त. पुण्यास पेशवे नांदत होते. छापील अक्षराला बातमी कधीं कधीं फार उशिरां पोंचते.

राहिली १५ क्रमांकाची गाडी. ती नदीकांठानें बेलेंकडे जाते. तिच्यावर बहुतेक नव्या लांब गाड्या असतात, पण वाट जुनी आहे. जुंकैरा या भागांत उतरून थोडें वर गेलें कीं एगाच्या सरदाराचा वाडा लागतो. एगाचा हा काउंट १७५८ ते १७६५ पर्यंत गोव्याचा व्हाइसरॉय होता. त्याच वाड्यांत १९३१ पासून समुद्रपारच्या मुलखांचें दफ्तर ठेवलेलें आहे. पोर्तुगालच्या दर्यापार मंडळाचे कागद येथें आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक लिस्बनला गेला तर त्याचे दिवस ट्रामपेक्षां या वाड्यांतच जावे.

याच जुंकैरावर पूर्वीं एक कोट होता आणि त्यांत राजकैदी ठेवीत. आलोर्नाचा दुसरा मार्क्विस तेथें जवळजवळ अठरा वर्षें कोंडलेला होता. आलोर्ना हें नांव पोर्तुगालांतल्या कोणत्याही गांवाचें नव्हे. तें पेडण्याच्या मुलखांतील हळर्णचें आहे. कैद्याच्या बापानें गोव्याचा व्हाइसरॉय असतांना १७४६ त सावंतवाडीकर भोंसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला, म्हणून त्याला ही पदवी मिळाली. कैद्याची मुलगी तितकींच वर्षें आईबरोबर मठांत अडकून होती. तीच पुढें आलोर्नाची मार्क्विसा या नांवानें पोर्तुगीज भाषेंतील मोठी कवयित्री झाली. सावंतांच्या एका किल्ल्याचें नांव असें परक्या भाषेच्या वाङ्मयेतिहासांत जाऊन बसलें आहे.

या कुटुंबाचा अपराध काय, तर कैद्याची बायको तावोरा घराण्याची. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्रीं राजावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोंबालनें तावोरा व आवैरु या घराण्यांवर कटाचा आरोप ठेवला. तावोराचा मार्क्विस १७५० ते १७५४ पर्यंत गोव्याचा व्हाइसरॉय होता, आणि त्याची बायको लिओनोर त्याच्याबरोबर गोव्यास येऊन राहिली होती. दोघांना १३ जानेवारी १७५९ रोजीं बेलें येथें उघड्या मैदानांत ठार केलें. मुलगेही सुटले नाहींत. कट खरा कीं पोंबालनें वाढवून दाखविलेला, याविषयीं पोर्तुगीज इतिहासकारांत आजही एकमत नाहीं.

बेलेंस उतरल्यावर प्रवाशांची रांग एका प्रसिद्ध मिठाईच्या दुकानापुढें लागलेली दिसते. त्याच्या बगलेला एक बोळ आहे. आवैरुच्या ड्यूकचा वाडा या जागीं होता. तो पाडून जमिनींत मीठ पेरलें, म्हणून बोळाचें नांव खारी जमीन. बोळांत दगडाचा एक खांब आहे. त्याला पांच कडीं कोरलेलीं आहेत, आणि खालच्या लेखांत या भूमीवर कोणीं केव्हांही कांहीं बांधूं नये अशी आज्ञा आहे. खांबाच्या चारी बाजूंना आज घरें उभीं आहेत.