मुळी कधी हरत नाही

माझ्या आजोळी, कोकणात, कुणाला साप चावला की ‘पान लागलं’ म्हणत. आधी देवळात नेत, मग सापसणीची मुळी उगाळून पाजत. माणूस वाचला तर मुळीचा गुण, गेला तर ‘आणायला उशीर केलात’. बहुतेक साप बिनविषारीच. नागसुद्धा कधीकधी विष न सोडता नुसताच चावतो. त्यामुळे मुळीच्या खात्यावर जमाच जास्त. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण इतकी सोयीची हिशेबवही दुसरी पाहिली नाही.

ही वही जुनी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात औषधींवरचा ग्रंथ छापला. त्यात सिलोनच्या ‘सर्पकाष्ठा’ची हकिगत येते: मुंगूस ती मुळी चावून नागावर झेपावतं म्हणे. त्याने सांगितलेल्या प्रकारांतला एक म्हणजे आपली सर्पगंधा, असं अभ्यासक मानतात. मुंगसाची गोष्ट मी आजोळीही ऐकली आहे, फक्त मुळी वेगळी.

कुणीतरी ती वही तपासायला हवीच होती. ते काम परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि फादर कायस या फ्रेंच जेझुइटाने केलं. देशभर सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी जमवल्या, काढे-लेप केले आणि विष टोचलेल्या प्राण्यांवर एकेक करून पाहिल्या. अहवाल १९३१ साली निघाला: एकही उपयोगी नाही. घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस तेव्हा कसौलीत तयार होत होती; खेड्यातल्या माणसाच्या हाताशी मात्र मुळीच होती. म्हणून मला मुळी पाजणाऱ्यांचा राग येत नाही. आज रुग्णालय जवळ असताना जो पाजतो, त्याचा येतो.

सर्पगंधेचं नशीब निराळ्याच वाटेने उजळलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी ती रक्तदाबावर चालते असा निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला. तीन वर्षांनी स्विस कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं.

म्हसकर आणि कायस यांच्याकडे त्या अहवालानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर यांच्यासोबत कीर्तिकर-बसूंच्या औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचं संपादन आलं. जुन्या वैद्यांनी सांगितलेले सर्पदंशावरचे उपयोग त्यांनी खोडले नाहीत. ते तसेच राहू दिले आणि अनेक नोंदींच्या शेवटी ‘सर्पदंशावर निरुपयोगी’ असा शेरा मारून कंसात स्वतःची नावं घातली.