हवाई सुंदरीचे वजन



आपल्याकडे पुष्कळ धंद्यांची नावे कामावरून पडली आहेत. लोहार लोखंड घडवतो, गवंडी भिंत बांधतो, परिचारिका परिचर्या करते. विमानात काम करणाऱ्या स्त्रीला मात्र आपण ‘हवाई सुंदरी’ म्हणू लागलो. तिच्याबरोबर तोच चहा देणाऱ्या पुरुषाला ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. देह केवढा असावा, किती वजनाचा, किती वयाचा, ही मापे येतात कोठून, असा आजचा प्रश्न आहे. तो सहसा कवींना नाहीतर वैद्यांना विचारतात. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. म्हणून मी तो नोकरीच्या नियमपुस्तकाला विचारणार आहे.

अमेरिकेत एलन चर्च नावाची एक परिचारिका होती. तिला वैमानिक व्हायचे होते. ‘बोइंग एअर ट्रान्स्पोर्ट’ कंपनीने ते नाकारले. तेव्हा तिने दुसरी कल्पना मांडली : लोक उड्डाणाला भितात, विमानात परिचारिका असली तर त्यांना धीर येईल. कंपनीला ते पटले आणि १५ मे १९३० रोजी ती पहिल्या उड्डाणावर गेली. तिच्यासह आठ परिचारिका नेमल्या गेल्या. अटी अशा : अविवाहित, वय पंचवीसच्या आत, उंची ५ फूट ४ इंचांहून कमी, वजन ११५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५२ किलोंच्या आत. त्या काळची विमाने लहान, छत बुटके, आणि प्रत्येक पौंडाचा हिशेब ठेवावा लागे. तेव्हा उंचीच्या व वजनाच्या अटीला निदान काही तांत्रिक कारण होते.

पुढे विमाने वाढली. १९५८ साली ‘बोइंग ७०७’ हे शंभरावर उतारू नेणारे जेट विमान प्रवासी सेवेत आले. एवढ्या बोजापुढे एका मुलीच्या दोनचार किलोंची काय मातब्बरी? पण काटा हलला नाही. कारण गेले, नियम राहिला. आणि त्याला नवे नाव मिळाले – टापटीप, आकर्षकता, सौंदर्य. ठरल्या वेळी वजन होऊ लागले. कंबर आवळणारा पट्टा घातला आहे की नाही, हे पर्यवेक्षक हाताने चाचपून पाहत.

वयाचेही तेच. १९५३ साली ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने नियम केला की, यापुढे नेमलेल्या मुलींनी बत्तिसाव्या वर्षी उड्डाण सोडावे. बत्तिसाव्या वाढदिवशी रूप एकाएकी मावळते, असे कोणते शास्त्र सांगते? आम्हा कामगारांना हिशेबाची दुसरी बाजू चटकन दिसते. दहा वर्षांच्या कामगाराला पगारवाढ द्यावी लागते, रजा द्यावी लागते, पुढे निवृत्तिवेतन द्यावे लागते. बावीस वर्षांच्या नवख्या मुलीला आरंभीचा पगार पुरतो. सौंदर्याच्या नावाने येथे नोकरीतली ज्येष्ठता खोडली जात होती. तीच मुलगी आरशापुढे उभी राहून मात्र स्वतःलाच दोष देत असणार.

या मुलींनी उत्तर कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. १९५३ पूर्वी नेमलेल्यांना तो नियम लागू नव्हता. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये काही जणी वार्ताहरांसमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्यापैकी बत्तिशी ओलांडलेली कोण, ते ओळखा! १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि नोकरीत स्त्रीपुरुष भेद करण्यास मनाई झाली. त्या कायद्याखाली निघालेल्या आयोगाच्या दारात प्रथम गेलेल्यांत या मुली होत्या. १९६५ साली संसदीय समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा एका सभासदाने, जरा उभ्या राहा म्हणजे प्रश्नाचे आकारमान कळेल, अशी कोटी केली. कोटी विरली. १९६८ साली आयोगाने वयाची व लग्नाची बंदी बेकायदा ठरवली.

वजनाचा काटा याहून चिवट निघाला. ‘युनायटेड’ कंपनी विमा कंपनीच्या तक्त्यावरून मर्यादा ठरवी. पुरुषांना मोठ्या हाडापेराचा रकाना, स्त्रियांना मध्यम हाडापेराचा. त्यामुळे त्याच उंचीच्या व वयाच्या पुरुषापेक्षा स्त्रीला १४ ते २५ पौंड कमी भरावे लागे. २००० साली अपील न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. सौंदर्य सौंदर्य म्हणून जे मिरवत होते, ते शेवटी तक्त्यातला एक रकाना निघाले.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. तेव्हा मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या आपल्या ‘एअर इंडिया’चा नियम होता की, हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास त्या वेळी, किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त व्हावे; यांतले जे आधी घडेल ते. मुदत पंचेचाळीसपर्यंत वाढवणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. बरोबरीचे पुरुष पर्सर अठ्ठावन्नला निवृत्त होत. नर्गेश मिर्झा व इतर जणी न्यायालयात गेल्या. तरुण, आकर्षक मुलगी अडेल उतारूंना अधिक चांगली सांभाळते, असे कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि बाळंतपणाने स्त्री दुर्बळ होते हा दावा झिडकारला. संचालकांची मर्जीही गेली; मात्र चार वर्षांची लग्नबंदी टिकली. अर्धा विजय होता, पण विजय होता.

आता आपल्याच घरातली गोष्ट. यांतल्या कित्येक अटी कामगार संघटनांच्या सह्यांच्या करारांत होत्या. स्त्रियांनी पन्नाशीला उड्डाण सोडावे आणि पुरुषांनी अठ्ठावन्नपर्यंत करावे, या व्यवस्थेविरुद्ध काही जणी उच्च न्यायालयात जिंकल्या, तेव्हा त्या निकालावर अपील करणाऱ्यांत कर्मचाऱ्यांची संघटनाही होती. आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयात त्या स्त्रिया हरल्या. लाल बावटा हाती धरला म्हणून स्त्रीच्या देहाकडे पाहण्याची आपली दृष्टी आपोआप स्वच्छ होत नाही.

या कामाला खरोखर काय लागते? ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अतिरेक्यांनी मुंबईहून निघालेले ‘पॅन ॲम’चे विमान अडवले. उतारूंना बाहेर काढताना नीरजा भानोत हिने प्राण दिले. तेवीस वर्षेही तिला पुरी झाली नव्हती. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते काम कोणत्या तक्त्यात बसते?

आपला देह आहे तसा आपला मानावा, हा उपदेश चांगला आहे. परंतु जिची भाकरी काट्यावर टांगलेली आहे तिला नुसता उपदेश पुरत नाही. एकटी असताना तिला आपले वजन लाजिरवाणे वाटते. दहा जणी एकत्र बसल्या की नियमच लाजिरवाणा दिसू लागतो. आपल्या गावातही दुकानावर, हॉटेलात, कचेरीत ‘रूपवान मुलगी पाहिजे’ अशी पाटी लागली, तर आत जाऊन मालकाला एवढेच विचारा : या कामाला रूप कोठे लागते, आणि शेजारच्या पुरुषाचे ते तुम्ही कधी तपासले?