दीडशे वर्षं न दिसलेला पक्षी

आमच्या धंद्यात एखादा बग परत दिसला नाही की 'रिप्रोड्यूस होत नाही' असा शेरा मारून मोकळे होतात. न्यूझीलंडच्या एका समुद्रपक्ष्याचं जवळपास तसंच झालं होतं.

नाव न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल. चिमणीपेक्षा जरासा मोठा, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. वरून काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, पांढऱ्या पोटावर गडद रेघा. खाणं शोधताना पंख पसरून, लांब पाय पाण्याला टेकवत असा जातो की लाटांवर चालतोय असंच वाटावं. जमिनीवर येतो तो फक्त विणीसाठी, तेही रात्री. मग दिसणार कसा?

१९व्या शतकात पकडलेले तीनच पक्षी संग्रहालयांत उरले होते, दोन पॅरिसला आणि एक इंग्लंडमध्ये ट्रिंगला. १९३२ मध्ये मॅथ्यूजने ही वेगळी जात म्हणून नोंदवली. पण पुढे कित्येकांना शंका आली, की हा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलचाच एखादा वेगळ्या रंगाचा नमुना असेल. (हा विल्सन्स म्हणजे अंटार्क्टिकाकडे अंडी घालून आपल्या अरबी समुद्रापर्यंत येणारा.) थोडक्यात, पक्षी एकतर नामशेष, नाहीतर मुळात नव्हताच!

आणि जानेवारी २००३ मध्ये फिटियांगाजवळच्या समुद्रात एका पक्ष्याचे फोटो मिळाले. त्याच नोव्हेंबरात बॉब फ्लड आणि ब्रायन थॉमस यांना होडीभोवती एकदम दहा-वीस पक्षी दिसले. ही जागा कुठली? तर हौराकीचं आखात, ज्याच्या काठावर ऑकलंड शहर वसलंय.

घरटी कुठे, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. पक्ष्यांच्या अंगावर छोटे रेडिओ ट्रान्समीटर बसवून मागोवा घेतला, तेव्हा २०१३ मध्ये लिटल बॅरियर, म्हणजे हाउतुरू बेटावरच्या जंगलात त्यांची वीण सापडली.

मला खरी गंमत पुढेच वाटते. या बेटावर माणसांनी आणलेली मांजरं पक्ष्यांचा फडशा पाडत होती. १९८० पर्यंत ती सगळी हटवली, २००४ मध्ये उंदीरही. हेतू होता बेटावरच्या दुसऱ्या पक्ष्यांना वाचवण्याचा. १९८० मध्ये हा बेटावर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं बजेट कोण मागणार? तरी वाचलेल्यांत तोही होता.

असो. नोंद नाही म्हणजे पक्षीच नाही, असं धरून चालायचं नसतं. आणि जागा साफ करताना तिथे कोण कोण राहतं याची पूर्ण यादी हातात असलीच पाहिजे, असंही नाही.