ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी का बदलायचं?

सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर आठवणीने बदलले जातात. ब्रेक ऑइलची डबी मात्र भरलेली दिसली की तिच्याकडे कुणी पाहत नाही. पण पातळी बरोबर असली तरी आतलं ऑइल खराब झालेलं असू शकतं.

कारण काय?
गाड्यांमधलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते.

धोका कुठे?
घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइल तापून उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं, पण ब्रेक लागत नाही.

काय करावं?
• साधारण २ वर्षांनी ऑइल बदला. नेमकी मुदत मॅन्युअलमध्ये पाहा.
• डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद ऑइल वापरा.
• पातळी घटली तर नुसतं वरून ओतू नका. पॅडची झीज आणि गळती तपासून घ्या.
• घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.