मांजरसुंबा परिसर : इतिहाससाधने

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगराळ भागात, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेल्या मांजरसुंबा परिसराच्या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे सरकारी दप्तर प्रथम फार्सीत व पुढे उर्दूत लिहिले गेले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६९ साली प्रसिद्ध झालेले जिल्हा गॅझेटिअर मात्र इंग्रजीत निघाले. परिणामी, ज्या कुणब्याच्या जमिनीची नोंद या दप्तरांत आहे, त्यालाच ती वाचता येत नाही. त्यांचे मराठी लिप्यंतर व भाषांतर हे काम फार्सी व उर्दू जाणणारे मिळतात तोवरच सुकर आहे.

मराठी साधने निराळ्या रीतीने टिकली. अंबेजोगाई येथे यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील शिलालेख आहेत. तेथेच दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरण हे प्रकरण चक्क कापडावर लिहिले. ते ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. मांजरसुंब्याजवळील कपिलधार येथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. त्यांचा परमरहस्य हा ग्रंथ व अभंग मठांतील पोथ्यांइतकेच नित्यपठणाने जतन झाले असून कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस दिंड्या ते गात येतात.