सोनेरी कांटा

घड्याळ मागें पडलें म्हणजे दोष घड्याळाचा, असें आपण सारेच धरून चालतों. घटिकापात्राच्या काळींहि हाच न्याय होता: वाटीच्या भोंकांत कचरा अडकला कीं घटका लांबे, आणि मुहूर्त चुकल्याचें खापर त्या वाटीवर फुटे. परंतु विजेच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे, कीं ज्यांत संशय घड्याळावर आला आणि चोर सांपडला पॉवर हाउसांत. आज वीजकेंद्रांतील स्वयंचलित यंत्रांचीं घड्याळें भरकटूं लागलीं म्हणजे इंजिनियर जी तपासणी करतात, तिचा पहिला धडा या प्रकरणांत आहे. म्हणून तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हेन्री वॉरन हा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला इंजिनियर. १९१२ सालीं त्यानें ॲशलंड या गांवीं घड्याळांचा कारखाना काढला. प्रथम तो बॅटरीवर चालणारीं लंबकाचीं घड्याळें करी. पण बॅटरी क्षीण होत गेली कीं घड्याळाची चालहि बदले. तेव्हां घरोघर तारांतून येणारी वीजच घड्याळाला कां जोडूं नये, असें त्याच्या मनांत आलें. ही वीज एका दिशेनें वाहत नाहीं. ती दर सेकंदास ठराविक वेळां उलटसुलट फिरते. अमेरिकेंत हीं आवर्तनें साठ, आपल्याकडे पन्नास. वॉरननें एक चिमुकली मोटर बनविली. ती बटण दाबतांच आपली आपण सुरू होई आणि विजेच्या आवर्तनांशीं पाऊल जुळवून फिरे. साठ आवर्तनें झालीं कीं सेकंद संपला, इतका सोपा हिशेब.

हिशेब सोपा, पण घड्याळ कांहीं बरोबर चालेना. शेजारच्या लंबकाच्या घड्याळाशीं त्याचा मेळ बसेना. दुसरा एखादा कारागीर पुन्हां मोटरच उघडून बसला असता; वॉरननें मात्र आपल्या मोटरीवर विश्वास ठेवला आणि प्रश्न उलटा केला: जनित्र खरोखर साठ आवर्तनें देतें कशावरून? आमच्या मतें त्याच्या सर्व बुद्धिमत्तेचें सार या एका प्रश्नांत आहे. गांवांतील मागणी वाढली कीं जनित्रावर भार पडून त्याची गति मंदावते. मागणी घटली कीं ती वाढते. साठांऐवजीं ५९.९ आवर्तनें झालीं तर दिव्याला त्याचें सोयरसुतक नसतें; तो जळतच राहतो. परंतु घड्याळ तेवढ्यानें दिवसाकांठीं १४४ सेकंद मागें पडतें. दिवा हें अंतर गिळून टाकी, घड्याळ तें सांठवीत जाई. पॉवर हाउसांतील मापकाला इतका सूक्ष्म फरक नीट दिसत नसे. वॉरनच्या घड्याळानें तो मिनिटांत मोजून दाखविला.

यावर त्यानें जो उपाय काढला, तो पाहून हंसूं येईल इतका साधा आहे. एका तबकडीवर दोन कांटे: काळा कांटा लंबकावर चालणारा, सोनेरी कांटा पॉवर हाउसच्या विजेवर चालणारा. दोन्ही एकावर एक असले तर ठीक. सोनेरी मागें पडला तर पहाऱ्यावरील माणसानें जनित्राची गति किंचित् वाढवावी, पुढें गेला तर कमी करावी. ऑक्टोबर १९१६ मध्यें बोस्टन येथील एडिसन कंपनीच्या केंद्रांत हें घड्याळ बसलें. पुढें अनेक वीजकेंद्रांनीं तें स्वीकारलें, आणि सर्वांचीं आवर्तनें सारखीं राहूं लागल्यानें एका केंद्राची वीज दुसऱ्यास जोडणेंहि सुकर झालें. घरांतल्या घड्याळासाठीं केलेली खटपट अशी सबंध देशाच्या वीजजाळ्याच्या उपयोगी पडली.

आजच्या नियंत्रक यंत्रांत लंबकाच्या जागीं क्वार्ट्झचा स्फटिक असतो, आणि तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. पण उष्णता फार वाढली किंवा फार उतरली कीं तोहि मंदावतो. दहा लाखांत वीस एवढी चूक धरली, तरी महिन्याला पाऊण मिनिटाहून अधिक अंतर पडतें. इतक्यानें काय बिघडतें, याचें उत्तर १४ ऑगस्ट २००३ रोजीं मिळालें. त्या दिवशीं अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ऑंटॅरिओ प्रांत मिळून सुमारें पांच कोटि लोकांची वीज गेली. शेवटच्या कांहीं मिनिटांत शेंकडों यंत्रें एकामागून एक बंद पडलीं. प्रत्येक यंत्रानें आपापली नोंद ठेवली होती. परंतु पुष्कळांचीं घड्याळें एकमेकांशीं जुळत नव्हतीं. आधीं कोण पडलें व मागून कोण, हेंच जर कळेना, तर कारण कोणतें आणि कार्य कोणतें हें ठरवावें कसें? साक्षीदार सगळे खरे बोलत होते, आणि तरीहि जबान्या जुळत नव्हत्या. त्या नोंदी जुळवितां जुळवितां चौकशी करणारांचा पुष्कळ काळ गेला, व सर्व नोंदयंत्रें एकाच कालमापाशीं बांधलीं पाहिजेत अशी शिफारस त्यांनीं केली. वॉरनचा काळा कांटाच हा. फक्त आतां तो उपग्रहांतील अणुघड्याळावरून येतो.

एवढें होऊनहि जुना रोग पुन्हां उद्भवला, तो २०१८ सालीं युरोपांत. तेथें तेव्हां पंचवीस देशांचें वीजजाळें एकत्र नांदत होतें. जानेवारीच्या मध्यापासून कोसोव्होच्या भागांत विजेचा खर्च उत्पादनाहून अधिक होऊं लागला. ती तूट कोणी भरावी, याबद्दल सर्बिया व कोसोव्हो यांचा राजकीय तंटा होता, म्हणून ती कोणीच भरीना. पन्नासांऐवजीं आवर्तनें सरासरीनें ४९.९९६ झालीं. फरक किती क्षुल्लक! पण दिवसाला सात सेकंद याप्रमाणें मार्चच्या आरंभीं स्पेनपासून पोलंडपर्यंतचीं भट्ट्यांवरचीं व उशाजवळचीं विजेचीं घड्याळें जवळजवळ सहा मिनिटें मागें पडलीं होतीं. दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचा असा मिनिटावारी हिशेब इतिहासांत क्वचितच मिळेल.

दुरुस्तीहि वॉरनच्याच रीतीनें झाली. तूट भरून निघाल्यावर आवर्तनें पन्नासांहून किंचित् वर ठेवण्यांत आलीं, आणि घड्याळें रोज थोडथोडीं पुढें सरकत एप्रिलच्या आरंभास वेळेवर आलीं. ज्यांनीं दरम्यान धीर सोडून हातानें कांटे पुढें केले होते, त्यांचीं घड्याळें मात्र तेव्हां सहा मिनिटें पुढें निघालीं.