वळिवाची वीज आणि अर्थिंगचा खड्डा

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणे-बेंगळूर महामार्गालगत वसलेले उचगाव जोवर मुख्यतः शेतीवर नांदत होते, तोवर वळिवाच्या विजेची धास्ती माणसांना आणि गुराढोरांना होती. परंतु एका अंगास गांधीनगरची व्यापारपेठ आणि दुसऱ्या अंगास गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत वाढून शिवारात घरे उठू लागली, तसतशी त्या धास्तीत दूरदर्शन संच, संगणक आणि इंटरनेटचा राउटर यांचीही भर पडली.

या मुलखातील विजेचा इतिहास धरणांशी निगडित आहे. शाहू छत्रपतींनी भोगावतीवर आरंभिलेल्या राधानगरीच्या धरणापाशी पुढे वीजगृह झाले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. त्या पिढीच्या घरांत रक्षणाचा बंदोबस्त दोनच गोष्टींवर उभा होता : चिनी मातीच्या किटकॅटमधील फ्यूजची तार आणि अंगणातील अर्थिंगचा खड्डा. सुमारे आठ फूट खोल पुरलेली जस्तलेपित नळी, तिच्याभोवती मीठ व कोळशाचे आळीपाळीने दिलेले थर, वर नरसाळे. आणि उन्हाळाभर त्या नरसाळ्यात पाणी ओतण्याचा जुन्या वायरमनांनी घालून दिलेला दंडक.

पुढे दूरदर्शनबरोबर स्टॅबिलायझर आला. शेतीपंप सुरू होताच मंदावणारा दाब सावरणे हे त्याचे काम. परंतु आकाशातील विजेचा तडाखा काही मायक्रोसेकंदांत ओसरतो आणि स्टॅबिलायझरचा रिले हलण्यास काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे त्या आघातापुढे तो निरुपयोगी ठरतो. संगणकांबरोबर आलेल्या स्पाईक गार्डमध्ये झिंक ऑक्साईडची चकती असते : नेहमीच्या २३० व्होल्टला ती जवळजवळ अभेद्य राहते, दाब मर्यादेबाहेर चढताच वाहक बनून अतिरिक्त प्रवाह बाजूस वळवते, आणि अशा प्रत्येक मोठ्या आघाताने थोडी थोडी झिजते. पण भिंतीतील अर्थिंगची तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचलीच नसेल, तर आकाशातून आलेल्या त्या प्रवाहाने जावे कोठे?

या प्रश्नाचे गांभीर्य ऋतुचक्रात आहे. वळीव येतो तो चैत्र-वैशाखाच्या उन्हानंतर, पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी जमीन भेगाळून कोरडी पडली असताना. कोरड्या मातीचा विद्युतरोध वाढतो, म्हणजे गडगडाट सर्वांत प्रबळ असतो नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुर्बळ असते. नरसाळ्यात पाणी ओतण्याच्या त्या साध्या रिवाजात केवढा विवेक होता, हे यावरून ध्यानात येते. आणि दुकानातून स्पाईक गार्डसारखे रक्षक विकत मिळू लागल्यावर तो रिवाज मागे पडला, ही हानी लहान मानता येत नाही.

धोका केवळ आकाशातूनच येतो असे नाही. डीपीपाशी (रोहित्रापाशी) न्यूट्रलची तार तुटली, तर एकेरी फेजच्या घरात चारशे व्होल्टच्या आसपास दाब चढू शकतो व तो टिकून राहतो. तेथे स्पाईक गार्डमधील ती चकती तापून जळते, आणि दाब चढताच पुरवठा तोडणारे निराळे उपकरण लागते. शिवाय केबल व टेलिफोनच्या तारांवाटेही आकाशातील विजेचा तडाखा आत शिरतो, म्हणून ढग दाटताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वीच, प्लगसह त्याही सोडवून ठेवणे इष्ट. परंतु सर्व उपायांचा पाया जमिनीतच आहे. यास्तव प्रत्येक सोसायटीने वळिवापूर्वी अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजून तो आपल्या दप्तरी वर्षानुवर्षे नोंदवून ठेवावा, आणि घर घेणाऱ्याने सात-बाराइतक्याच आस्थेने ती नोंद पाहण्यास मागावी.